कर्नलचा पॅच टाकला, पण तो चालू झाला का? नेटवर्क पॅकेटवाल्या बगसाठी काय काय करायचं, सॅक पॅनिकचं उदाहरण घेऊन

१४ जानेवारी २०२१, संक्रांत आणि गुरुवार. पुण्याच्या भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते म्हणून तिथल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी मुद्दाम त्याच दिवशी बोलवलं होतं, "मशीन्स बंद आहेत, तुम्ही निवांत सर्व्हर बघा." सर्व्हर म्हणजे अकाउंट्सच्या केबिनमध्ये कपाटाच्या बाजूला ठेवलेला एक टॉवर, वर उबंटू १८.०४, आणि त्यावर त्यांचं डिस्पॅच आणि बिलिंगचं वेब सॉफ्टवेअर. मी बसलो आणि 'अपटाइम' मारलं. ६१२ दिवस.

मालकांना त्याचं कौतुक, "बघा, अख्खं लॉकडाउन चालला, एकदापण बंद नाही." आणि खरंच यूपीएस आणि जनरेटर दोन्ही असल्यामुळे गुरुवारची लाइट गेली तरी त्याला काही फरक पडला नव्हता. पण मी पुढची कमांड मारली, 'यूनेम -आर', आणि उत्तर आलं ४.१५.०-४८. म्हणजे एप्रिल २०१९ चा कर्नल, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. बूट फोल्डरमध्ये बघितलं तर त्यानंतरचे कर्नल ओळीने येऊन पडलेले, ऑटोमॅटिक अपडेट अगदी व्यवस्थित चालू होतं, दर थोड्या दिवसांनी नवीन कर्नल डाउनलोड होत होता, इन्स्टॉल होत होता, आणि तिथेच पडून राहत होता कारण मशीन रीबूटच झालं नव्हतं. डिस्कवर पॅच होता, मेमरीत नव्हता. आणि मधल्या काळात लॉकडाउनमध्ये लोकांना घरून बिलिंग करता यावं म्हणून कोणीतरी राउटरवर ४४३ पोर्ट (वेबसाइटचं दार) थेट इंटरनेटला उघडून दिला होता.

म्हणजे बग जाहीर झाल्यापासून १९ महिने हा सर्व्हर पॅचशिवाय चालू होता, आणि तो पोर्ट उघडल्यापासून तर जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून, पासवर्ड नाही, लॉगिन नाही, फक्त विशिष्ट प्रकारची टीसीपी (इंटरनेटवर डेटा नेण्याची नेहमीची पद्धत) पॅकेट्स पाठवून कोणीही तो जागच्या जागी गोठवू शकलं असतं. नशीब की कोणी केलं नाही. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांकडे या कामाला अख्ख्या टीम असतात, पण भोसरी, चाकण, नाऱ्हे, पेठांमधली ऑफिसं, क्लासेस, छोटी हॉस्पिटलं, इथे हे काम 'आपला तो कॉम्प्युटरवाला' करतो. त्याच माणसासाठी मी हे लिहितोय.

आधी बग नीट समजून घ्या

सॅक पॅनिक म्हणजे सीव्हीई-२०१९-११४७७, सीव्हीई म्हणजे प्रत्येक सुरक्षेच्या बगला मिळणारा जाहीर नंबर. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी शोधला आणि १७ जून २०१९ ला जाहीर झाला. लिनक्स कर्नल २.६.२९ पासून पुढचे सगळे यात येतात, आणि २.६.२९ आलाय मार्च २००९ मध्ये, म्हणजे दहा वर्षांचं सगळं लिनक्स.

सॅक म्हणजे काय ते बघा. टीसीपीमध्ये सर्व्हरने समजा १ ते १० नंबरचे तुकडे पाठवले आणि मधला ४ नंबर वाटेत हरवला. जुन्या पद्धतीत समोरचा फक्त एवढंच सांगू शकतो की '३ पर्यंत मिळाले', मग सर्व्हरला कळतच नाही की ५ ते १० पोचलेत का नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये आरएफसी २०१८ आलं आणि त्यात ही सोय झाली की समोरचा म्हणू शकतो '३ पर्यंत मिळाले, शिवाय ५ ते १० पण आहेत, फक्त ४ परत पाठव'. हे म्हणजे सॅक. अतिशय कामाची गोष्ट आहे, मोबाइल नेटवर किंवा खराब केबलवर याच्यामुळेच डाउनलोड तग धरतं.

आता कर्नल काय करतो, पाठवलेला डेटा पोच येईपर्यंत मेमरीत धरून ठेवतो, त्याच्या पुड्या असतात, त्या पुडीला एसकेबी म्हणतात. एका एसकेबीत जास्तीत जास्त १७ कप्पे, आणि नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एका कप्प्यात ३२ केबीपर्यंत डेटा. समोरून सॅक आले की कर्नल मेमरी वाचवायला शेजारशेजारच्या पुड्या एकत्र करतो, हे एकत्र करायचं काम २.६.२९ मध्ये आलं म्हणून बगची सुरुवातही तिथूनच. आणि या पुडीत किती सेगमेंट आहेत हे मोजायला एक काउंटर आहे, तो १६ बिटचा. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा ६५,५३५.

कागद घ्या आणि हिशोब करा, मी त्या दिवशी केबिनमधल्या व्हाइटबोर्डवर मालकांना हाच करून दाखवला. १७ कप्पे गुणिले ३२ केबी म्हणजे ५,५७,०५६ बाइट. साधारण कनेक्शनमध्ये एक सेगमेंट १,४६० बाइटचा असतो, म्हणजे या पुडीत ३८२ सेगमेंट मावतात, ६५,५३५ च्या आसपासही नाही, म्हणूनच दहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. पण सेगमेंट किती मोठा असावा हे कनेक्शन जोडताना समोरचा सांगतो, त्याला एमएसएस म्हणतात, आणि लिनक्स त्यात ४८ पर्यंत खाली यायला तयार होतं. ४८ मधले ४० बाइट टीसीपीच्या ऑप्शन्समध्ये जाऊ शकतात. उरले ८. आता ५,५७,०५६ भागिले ८ किती? ६९,६३२. काउंटर मावतो ६५,५३५ पर्यंत. जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर ९९,९९९ च्या पुढे गेलं की परत शून्यावर यायचं, तसं हे झालं.

आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. काउंटर फिरून शून्याजवळ आला म्हणून मशीन आपोआप पडत नाही. कर्नलच्या कोडमध्ये त्या ठिकाणी एक तपासणी लिहिलेली आहे, 'या पुडीतून जेवढे सेगमेंट हलवतोय त्यापेक्षा हिचा एकूण आकडा कमी असेल तर काहीतरी भयंकर चुकलंय, थांबा'. त्या तपासणीला बग-ऑन म्हणतात. काउंटर फिरला की ही अट खरी होते, कर्नल स्वतःच हात वर करतो, आणि नेटवर्कचं काम इंटरप्टमध्ये चालू असल्यामुळे नुसता एक प्रोग्रॅम नाही मरत, अख्खं मशीन पॅनिक होतं. डेटा चोरीला जात नाही, कोणी आत घुसत नाही, पण सर्व्हर मात्र जागीच थांबतो.

दुरुस्तीचे पॅच लिहिले गूगलच्या एरिक डुमाझे यांनी, आणि सॅक पॅनिकचा पॅच म्हणजे एवढंच की पुड्या जोडायच्या आधी बेरीज ६५,५३५ च्या वर जातेय का ते बघा, जात असेल तर जोडू नका. याच्यासोबत अजून दोन भावंडं जाहीर झाली होती, ११४७८ आणि ११४७९, त्यांनी मशीन पडत नाही पण मेमरी आणि सीपीयू खाल्ला जातो.

तुमच्याकडे काय चालू आहे आणि काय उघडं आहे

एक वही किंवा शीट उघडा आणि प्रत्येक मशीनसाठी लिहा. 'यूनेम -आर', 'अपटाइम', आणि 'एसएस -टीएलएनपी' म्हणजे कुठल्या पोर्टवर कोण कान लावून बसलंय. यात एक खोच आहे, डेबियन वापरत असाल तर 'यूनेम -आर' तुम्हाला फसवेल. डेबियनमध्ये तो आकडा बऱ्याचदा बदलतच नाही, ४.९.०-९ होता आणि पॅचनंतरही ४.९.०-९ च राहिला, खरी आवृत्ती 'यूनेम -व्ही' मध्ये दिसते, तिथे ४.९.१६८-१+डेब९यू३ आलं तेव्हा सॅक पॅनिक दुरुस्त झालेला होता. हे माहीत नसल्यामुळे लोक पॅच असलेल्या मशीनवर तासभर डोकं आपटतात किंवा उलट, पॅच नसताना निवांत बसतात.

मग बाहेरून बघा. आतून बघून उपयोग नाही कारण राउटरवर कोणी कधी पोर्ट फॉरवर्ड केलाय ते आतून कळत नाही. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, आणि ऑफिसच्या पब्लिक आयपीवर 'एनमॅप' (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम) चालवा. फक्त स्वतःच्या किंवा मालकाने लेखी परवानगी दिलेल्या आयपीवरच, हे मी अगदी मनापासून सांगतो, शेजारच्या गाळ्याचा आयपी चुकून टाकलात तर नंतर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील. भोसरीच्या त्या ऑफिसात बाहेरून चार पोर्ट उघडे सापडले, त्यातले दोन कशासाठी आहेत ते कोणालाच सांगता आलं नाही. ते दोन तिथल्या तिथे बंद केले आणि कोणाचंही काही अडलं नाही.

कंटेनर वापरत असाल तर लक्षात ठेवा, डॉकरची इमेज कितीही नवीन केली तरी कर्नल होस्टचाच असतो. व्हीपीएस (व्हर्च्युअल सर्व्हर) भाड्याने घेतला असेल तर तो केव्हीएम आहे का ओपनव्हीझेड ते विचारा, केव्हीएममध्ये कर्नल तुमचा आणि जबाबदारी तुमची, ओपनव्हीझेडमध्ये कर्नल त्यांचा, मग त्यांनाच मेल टाकून विचारावं लागतं.

बग आपल्याला लागू आहे का

२०२४ च्या फेब्रुवारीपासून लिनक्स कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई नंबर देते आणि तेव्हापासून त्यांचा नुसता पाऊस पडतोय. प्रत्येकासाठी धावायचं म्हटलं तर जेवायला वेळ मिळणार नाही. मी बघतो ते एवढंच, की हा बग लांबून वापरता येतो का मशीनवर आधी लॉगिन लागतं, आणि कर्नलचा जो भाग बिघडलाय तो माझ्याकडे लोड झालेला आहे का. उदाहरणार्थ २०१७ चा डीसीसीपीचा बग, ६०७४ नंबरचा, तो लोकल होता, आणि डीसीसीपी मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं की विषय संपत होता कारण ते कोणी वापरतच नाही. किंवा २०२२ चा टीआयपीसीचा ०४३५, तो लांबून चालायचा पण टीआयपीसी लोड करून कॉन्फिगर केलेलं असेल तरच. 'एलएसमॉड' मारा, दिसलं नाही तर दम खा. सॅक पॅनिक मात्र थेट टीसीपीत, टीसीपी बंद करता येत नाही, म्हणून तो पहिल्या रांगेत.

मग पॅच आलाय का ते बघायचं आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मूळ कर्नलमध्ये दुरुस्ती आली ४.४.१८२, ४.९.१८२, ४.१४.१२७, ४.१९.५२ आणि ५.१.११ मध्ये. आता कोणी हे वाचतो, आपल्या रेड हॅट ७ वर बघतो, ३.१०, आणि घाबरून सांगतो की आपला कर्नल तर २०१३ चा आहे, सगळं बदलावं लागणार. नाही. डिस्ट्रोवाले जुना नंबर तसाच ठेवून दुरुस्ती मागे आणून बसवतात, रेड हॅट ७ मध्ये ती ३.१०.०-९५७.२१.३ ला आली, उबंटू १८.०४ मध्ये ४.१५.०-५२ ला, १६.०४ मध्ये ४.४.०-१५१ ला. डॅशच्या पुढचा आकडा वाचायची सवय लावा.

खात्री करायची असेल तर चेंजलॉग वाचा. रेड हॅटच्या घरातल्या मशीनवर 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल' आणि त्यातून सीव्हीईचा नंबर ग्रेप करा, उबंटू-डेबियनवर 'ॲप्ट चेंजलॉग' आणि पुढे चालू असलेल्या कर्नल इमेजचं पूर्ण नाव. चालू असलेल्या, नुसत्या इन्स्टॉल झालेल्या नाही. सॅकच्या बाबतीत अजून एक खूण आहे, पॅचबरोबर 'टीसीपी_मिन_एसएनडी_एमएसएस' नावाची नवीन सेटिंग आली, ती सिसकंट्रोलमध्ये (चालू कर्नलच्या सेटिंग्ज बघायची-बदलायची कमांड) दिसली तर दुरुस्ती आहे, नाही दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नका, चेंजलॉगच बघा, कारण काही डिस्ट्रोंनी ती सेटिंग नंतरच्या अपडेटमध्ये दिली.

रीबूट आत्ता शक्य नसेल तर

दिवसपाळी चालू आहे, ट्रक गेटवर उभा आहे, अशा वेळी कोणी तुम्हाला सर्व्हर बंद करू देणार नाही आणि देऊही नये. मग तात्पुरता बांध घालायचा.

एक मार्ग, 'टीसीपी_सॅक' ही सेटिंग सिसकंट्रोलने शून्य करायची. लगेच लागू होते पण फक्त नवीन कनेक्शनला, कारण सॅक वापरायचं का नाही हे कनेक्शन जोडतानाच ठरतं, म्हणून सेटिंग बदलल्यावर वेब सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा म्हणजे जुनी कनेक्शन्स तुटतील. किंमत अशी की खराब लाइनवर स्पीड मार खाते.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, नियम टाकायचा की इनपुटला येणाऱ्या सिन पॅकेटमध्ये (कनेक्शन सुरू करणारं पहिलं पॅकेट) एमएसएस १ ते ५०० असेल तर ते टाकून द्या. सॅक चालू राहतं, स्पीड जात नाही. आपल्याकडच्या पीपीपीओई ब्रॉडबँडवर एमएसएस साधारण १,४५२ असतो, इथरनेटवर १,४६०, म्हणजे ५०० च्या खाली खरा ग्राहक जवळपास नसतोच. हे स्वतः डोळ्यांनी बघा, 'टीसीपीडंप' लावा, फोनवरून साइट उघडा, आणि पहिल्याच पॅकेटच्या ओळीत एमएसएस, सॅक-ओके, विंडो स्केल असं सगळं लिहिलेलं येतं. एकदा हे बघितलं की वर केलेला हिशोब डोक्यात पक्का बसतो, मला तरी तसाच बसला.

नियम टाकताना आयपीव्ही६ ची वेगळी कमांड आहे ती विसरू नका, आणि 'टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग' शून्यच आहे ना ते बघा, ते चालू असेल तर सुरुवातीला मोठा एमएसएस सांगूनही नंतर कर्नलकडून तो खाली आणवता येतो आणि तुमचा नियम बघत बसतो. रीबूटनंतर नियम टिकावा म्हणून सेव्ह करा.

फायरवॉलने हा बग अडतो कारण आयपीटेबल्सची तपासणी टीसीपीच्या आधी होते. प्रत्येक बगचं असं नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचा आयपीव्ही६ वाला बग आला, ३८०६३ नंबरचा, धोक्याचा स्कोअर ९.८, त्यात गडबड फायरवॉलपर्यंत पोचायच्या आधीच होत होती, त्यामुळे त्याच मशीनवरच्या विंडोज फायरवॉलचा नियम काही कामाचा नव्हता, पॅच टाका नाहीतर आयपीव्ही६ बंद करा एवढंच हातात होतं. म्हणून बांध घालण्याआधी स्वतःला विचारा की पाणी नक्की कुठून येतंय.

आणि तारीख लिहून ठेवा, 'हा नियम तात्पुरता, पॅच झाल्यावर काढायचा'. एका ऑफिसात मला सिसकंट्रोलच्या फोल्डरमध्ये सॅक बंद करणारी फाइल सापडली, कोणी टाकली कोणाला माहीत नाही, पॅच कधीच झालेला, आणि रात्रीचा बाहेरगावचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही म्हणून ते लोक कित्येक महिने ब्रॉडबँडवाल्याशी भांडत होते. फाइल काढली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, बॅकअप रात्रीच संपायला लागला.

खरं काम: पॅच आणि रीबूट

६१२ दिवस न बंद झालेलं मशीन रीबूट करायला भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे. पण ती रीबूटमुळे नसते, ६१२ दिवसांत कोणी काय काय बदललंय ते कोणालाच आठवत नसतं म्हणून असते.

सगळ्यात आधी बॅकअप, आणि तो उघडून एक फाइल परत काढून बघायची. मग 'डीएफ' मारून बूट पार्टिशनमध्ये जागा आहे का बघा, जुने कर्नल साठून ते भरलेलं असतं आणि मग नवा कर्नल अर्धवट लिहिला जातो. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ने जुने जातात, पण चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक ठेवाच. ग्रबमध्ये (बूट होताना कुठला कर्नल उठवायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम) कोणी जुना कर्नल पक्का करून ठेवलाय का तेही बघा, कधीतरी कुठल्या ड्रायव्हरसाठी कोणी केलेलं असतं, आणि मग रीबूट करूनही तोच जुना कर्नल उठतो.

मग एफएसटॅब, म्हणजे बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी. ही फाइल ओळ न ओळ वाचा आणि प्रत्येक ओळीतली डिस्क आज खरंच जोडलेली आहे का ते हाताने तपासा. मी त्या संक्रांतीला हे केलं नाही, वरवर बघितलं. रीबूट केलं, पिंग सुरू ठेवलं, एक मिनिट, दोन मिनिटं, पिंग येईना. मॉनिटर जोडायचा तर तिथला मॉनिटर नवा, सर्व्हरला फक्त व्हीजीए आणि केबल नाही. मालकांनी स्वतः तीन गाळे फिरून एक केबल आणली. स्क्रीनवर इमर्जन्सी मोड. कारण, एफएसटॅबमध्ये एका यूएसबी बॅकअप डिस्कची ओळ होती आणि ती डिस्क लॉकडाउनमध्ये कोणीतरी घरी नेलेली, सिस्टिमडीने दीड मिनिट तिची वाट बघितली आणि मग सगळंच थांबवलं. त्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) टाकलं, परत रीबूट, मशीन उठलं. तेव्हापासून माझ्या बॅगेत व्हीजीए, एचडीएमआय आणि एक वायरवाला कीबोर्ड कायम असतो, तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं, आणून ठेवा.

वेळ निवडताना तिथल्या लोकांचं ऐका. भोसरीत गुरुवार बरा, पण आधी विचारा की त्या दिवशी लाइटचं काम आहे का, रीबूटच्या मधेच लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी असली तर डिस्कवर येतं. पेठेतल्या ऑफिसात दुपारी एक ते चार मध्ये सगळं शांत असतं. क्लासवाल्यांना सकाळी अकरा चालतं. महिन्याच्या शेवटी आणि जीएसटी भरायच्या आदल्या दिवशी अकाउंट्सच्या मशीनला हातसुद्धा लावू नका.

उठल्यावर

आधी 'यूनेम', -आर आणि -व्ही दोन्ही, आणि वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा. रीबूट राहिलाय का ते कळायला उबंटूमध्ये व्हार-रन फोल्डरात 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल येते, रेड हॅटच्या घरात 'नीड्स-रीस्टार्टिंग -आर' आहे, यातलं काहीतरी रोज सकाळी तपासून तुम्हाला मेल टाकेल अशी छोटी स्क्रिप्ट लावा, भोसरीला ही एक गोष्ट असती तर १९ महिने गेलेच नसते.

मग त्यांचं खरं काम करून बघा. नुसतं पिंग येतंय म्हणून बॅग उचलू नका, अकाउंट्सच्या मॅडमना सांगा एक बिल काढा, प्रिंट द्या, बाहेरून फोनवर उघडा. कारण पॅचही कधीकधी काहीतरी मोडतो. सॅकवाल्या पॅचेसमध्येच हे झालं होतं, ११४७८ च्या पहिल्या दुरुस्तीने मेमरीची मर्यादा इतकी घट्ट आवळली की छोटा सेंड बफर ठेवणारे काही प्रोग्रॅम अडकायला लागले, लिनक्सवरचं स्टीम कनेक्ट होईना, आणि मग थोड्याच दिवसांत सुधारित पॅच आला. असं झालं तर ग्रबमधून आधीच्या कर्नलवर जायचं आणि बांध परत घालायचा, म्हणूनच आधीचा एक ठेवा म्हटलं.

हात लावलाच आहे तर दोन गोष्टी करून टाका. 'कर्नल.पॅनिक' ही सेटिंग साधारण शून्य असते, म्हणजे पॅनिक झालं की मशीन तसंच गोठून राहतं, कोणी येऊन बटण दाबेपर्यंत. ती १० करा, दहा सेकंदांनी आपोआप रीबूट होईल. आणि केडंप लावा, कारण पॅनिक झालं की शेवटच्या ओळी बऱ्याचदा लॉगमध्ये लिहिल्याच जात नाहीत, केडंप असेल तर व्हार-क्रॅशमध्ये सगळं मिळतं आणि 'सर्व्हर आपोआप बंद पडतो' या तक्रारीत अंदाजपंचे रॅम बदलत बसावं लागत नाही.

ज्यांना पॅच येणारच नाही

राउटर, नॅस, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन, यातल्या बऱ्याच डब्यांत लिनक्सच असतं, आणि कंपनीने फर्मवेअर देणं कधीच थांबवलेलं असतं. भोसरीचा तिसरा उघडा पोर्ट डीव्हीआरचा होता, मालक रात्री घरून कॅमेरे बघायचे. मी त्यांना डीव्हीआर बदला नाही म्हटलं, कॅमेरे चांगले चालत होते. पोर्ट बंद केला आणि सर्व्हरवर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन टाकलं, फोनमध्ये ॲप, स्विच चालू केला की आत, मग कॅमेरे नेहमीसारखे. बिलिंगचा ४४३ पण त्याच्याच मागे घेतला, घरून काम करणारे तिघेच होते. बाहेरून आता टीसीपीचा एकही पोर्ट दिसत नाही. वायरगार्ड स्वतः यूडीपीवर चालतं आणि किल्ली जुळली नाही तर उत्तरच देत नाही.

रीबूट न करता चालू कर्नललाच पॅच लावायची सोयही आहे, उबंटूची लाइव्हपॅच, रेड हॅटची केपॅच. उबंटू प्रो पाच मशीनपर्यंत फुकट आहे, त्याच्यावर पैसे पडतात. चोवीस तास चालणाऱ्या हॉस्पिटलला मी घ्या म्हणतो. वर्कशॉपला नाही, कारण त्याने गंभीर बग भागतात पण सगळे नाही, रीबूट कधीतरी लागतोच, आणि ज्याला आठवड्याची सुट्टी आहे त्याने ती वापरावी.

त्या दिवशी निघताना साडेचार वाजले होते, मॅडम खास तिळगूळ घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं की हे असं परत कधी करायचं. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि त्यांच्याकडे दोन विंडोज मशीन्सही आहेत, म्हणून दुसऱ्या मंगळवारनंतरचा गुरुवार ठरला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी लगेच लाल पेनने बारा गुरुवार गोल करून टाकले, आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा सकाळी दहाला त्यांचा मेसेज येतो, 'आज सर्व्हरचा गुरुवार'.